पोंकाच्या दिवसांतलं काळं जस्त

तापीकाठी पोंकाचे मांडव पडले की मला बरं वाटायला हवं. सुरतेत राहणाऱ्या कुणालाही वाटतं. थंडीचे चार दिवस, निखाऱ्यात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, कापडी पिशवीत घालून ती झोडपणाऱ्या बायका, आणि सुपात पडणारा तो हिरवागार ऊन ऊन दाणा. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे, ताक. लोक गाड्या उभ्या करून, लेकराबाळांना घेऊन खायला येतात. मीही दरवर्षी जाते, पिशवीभर घेते आणि घरी येईपर्यंत माझं मन गढूळ झालेलं असतं. यंदाही झालं. पोंकवालीने नेहमीसारखे चार दाणे हातावर ठेवले, "चाखो बेन," म्हणाली, आणि त्या धुरकट गोड वासाबरोबर ती जुनी थंडी अंगावर आली.

आमच्याकडे खानदेशात याला हुरडा म्हणतात. पण ही गोष्ट बापूंसमोर काढायची सोय नव्हती. बापू म्हणजे माझे वडील. पोंकाचं नाव निघालं की ते सुरू व्हायचे: हा कसला हुरडा, हुरडा शेतात बसून खायचा असतो, आगटीच्या धगीला, हातावर चोळून, शेव घालून खातात त्याला चिवडा म्हणावं. एवढं बोलून झालं की पोंकाचा सगळ्यात मोठा वाटा तेच संपवायचे.

आता पोंकाबद्दल ते काही बोलत नाहीत. आता त्यांना वासच येत नाही. क्रोमच्या टाकीवर जन्म काढलेल्या माणसाच्या नाकातला आतला पडदा झिजतो, त्याला भोक पडतं, हे डॉक्टरांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. कारखान्यातल्या माणसांना ते आधीपासून ठाऊक होतं. श्वास घेताना बारीक शीळ वाजायची, तेव्हा एकमेकांना म्हणायचे, तुझीही बासरी झाली वाटतं. बापू घरी येऊन हे हसत सांगायचे, आणि आम्हीही हसायचो. त्या हसण्याचा आता मला फार राग येतो.

ते नव्वदीचं दशक होतं. आम्ही बमरोलीला राहत होतो, चाळीतल्या पहिल्या मजल्यावर, पुढे एक लांबच लांब गॅलरी. खाली-वर सगळे आमच्याच बाजूचे. अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा. दिवाळीला चाळ ओस पडायची आणि दिवाळीनंतर पुन्हा बोचकी, डबे, कोंबड्या घेऊन भरायची. बहुतेक पुरुष मागावर नाहीतर पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यांत. पलीकडच्या खाडीचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं. आम्ही मुली त्यावरून सांगायचो की आज कोणत्या साड्या रंगवल्या. जांभळ्या रंगाच्या दिवशी वास जास्त यायचा.

बापू मात्र मागावर नव्हते. ते पांडेसऱ्याला एका प्लेटिंगच्या कारखान्यात होते. मागाचे सुटे भाग, दांडे, नळाच्या तोट्या, बोल्ट, जे येईल त्यावर निकेल, क्रोम, जस्त चढवायचं. ओळीने टाक्या, वरून तांब्याच्या जाड पट्ट्या, त्यांना टांगलेला माल, आणि खाली बुडबुड्यांनी भरलेलं हिरवं-पिवळं पाणी. विजेने पाण्यातला धातू मालावर येऊन बसतो, यापलीकडे बापूंना त्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण बसला कसा ते त्यांना लांबून कळायचं. लग्नाला गेलो तरी ते नवऱ्यामुलाकडे बघायच्या आधी रुखवतातली भांडी बघायचे. नखाने ठोकायचे, उजेडाला धरायचे, आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचे. आई मान खाली घालायची.

सुरत हे गावच चकाकीवर जगतं. जर, हिरे, साड्यांची झिलई. चकाकतं ते सोनं नसतं ही म्हण इथे कुणी फारशी तोंडात आणत नाही; धंदा बसेल. त्यात बापूंसारखा माणूस. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचं काम होतं: चमकलेलं आणि जळालेलं. टाकीत करंट जास्त झाला की मालाच्या कडा काळ्या पडतात, भुरभुरीत होतात. त्याला धंद्यात जळणं म्हणतात. जळालेला माल ॲसिडात बुडवून, सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून चढवायचा. बापूंच्या हाताखाली माल सहसा जळत नसे, आणि जळाला तर त्या दिवशी ते जेवताना बोलत नसत.

आमचा दोघांचा एक खेळ होता. मी शाळेत जायला लागले तेव्हापासूनचा. कामावरून येताना ते खिशात एखादा चढवलेला तुकडा आणायचे, कधी वॉशर, कधी तोटीची चकती. हातपाय धुऊन गॅलरीत बसायचे, तो माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "काढ खोट." मी तो तुकडा उजेडाला धरून फिरवायची. कुठेतरी सुईच्या टोकाएवढा खड्डा सापडायचा, कुठे धुकं आल्यासारखी छटा, कुठे भोकाच्या आत धातू पोचलेलाच नसायचा. मी बोट ठेवलं की बापू खूश. स्वतःच्या कामात खोट निघाल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आई म्हणायची, पोरीला आधीच तोंड आहे, त्यात तुम्ही तिला खोट काढायला शिकवता, सासरी कसं व्हायचं हिचं. मी कॉलेजात गेले तरी हा खेळ सुटला नाही. एकदाही असं झालं नाही की मी खोट काढली नाही. नसली तरी काढायची.

मी रसायनशास्त्र घेतलं ते या टाक्यांमुळेच. भावकीतल्या लोकांनी बापूंना गावाकडून निरोप धाडले की पोरीला किती शिकवता, इकडे चांगलं स्थळ आहे. बापूंनी चाळीतल्या सगळ्यांसमोर सांगितलं की पोरगी डॉक्टर होणार, इंजेक्शनवाली नव्हे, जस्तावाली. ते वाक्य चाळीत बरेच दिवस फिरत होतं. मला 'जस्तावाली' म्हणून हाकाही मारून झाल्या.

विद्यापीठात माझे मार्गदर्शक होते त्यांना मी सर म्हणते, आजही दुसरं नाव तोंडात येत नाही. गुजराती माणूस, मऊ बोलणं, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांचं एक स्वप्न होतं: पाण्यावर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी. शिसं नको, ॲसिड नको, पेट घेणारं काही नको. एका बाजूला निकेल, एका बाजूला जस्त, मध्ये पोटॅशचं पाणी. पोटॅशही साधं नाही, बोटांची सालं काढतं, पण नाकात जात नाही. मी तो विषय का धरला हे सरांना मी कधी सांगितलं नाही. बापूंच्या नाकातून रात्रीचं रक्त यायला तेव्हा सुरुवात झाली होती.

जस्ताचं दुखणं असं, की बॅटरी वापरताना ते पत्र्यावरून विरघळून पाण्यात जातं. त्याला काही अडचण नाही. अडचण परत येताना. बॅटरी भरायला लावली की ते पत्र्यावर परत येतं खरं, पण आपापल्या जागी बसत नाही. दिवाळीनंतर आमच्या चाळीत माणसं परतायची तसा तो धातू परततो. जिन्याच्या तोंडाशीच सगळी गर्दी. एखाद्या उंचवट्यावर थोडं जास्त जस्त बसलं की पुढचंही तिथेच येऊन बसतं, आणि बघता बघता त्याची सुई वाढते. सुई वाढत वाढत दोन बाजूंमधला कागद फाडून पलीकडच्या निकेलला टेकली की बॅटरी मेली. कितीतरी जणांनी जस्ताचा नाद यापायी सोडला होता. सर म्हणायचे, "जस्त बहु जिद्दी छे, बेन." पण ते प्रेमाने म्हणायचे.

आम्ही आधी सगळे जातात त्याच वाटेने गेलो. पत्रा जितका गुळगुळीत तितकी सुई उशिरा, असं वाटायचं. मला तर दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं, माझा डोळाच बापूंनी घडवलेला. मी तांब्याच्या पातळ पत्र्यावर असं जस्त चढवायची की त्यात तोंड दिसावं. ते पत्रे सगळ्यात आधी मरायचे.

मग एका पावसाळ्यात वीज सारखी जात-येत होती आणि एक पत्रा टाकीतच बिघडला. चकाकी आणणारं औषध घातलेलं नव्हतं, करंटाचे झटके बसले होते, आणि पत्र्यावर काळं, मखमलीसारखं काहीतरी धरलं होतं. मी ते खरवडायला ब्रश हातात घेतला. सर मागून म्हणाले, राहू दे, हेही लावून बघ. लावलं. ते चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. भरा, वापरा, भरा, वापरा, सुई नाही. मग आम्ही मुद्दाम तसे झटके देऊन पत्रे काळे करायला लागलो. त्यातल्या एकाचा तुकडा सरांनी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मुंबईला धाडला. फोटो आला तो बघून मी खुर्चीत बसले. ते काळं म्हणजे जळकी भुकटी नव्हतीच. आत सगळा स्पंज होता. केसाच्या कितीतरी पट बारीक तारा एकमेकींना धरून, मध्ये पोकळ्या, पोकळ्यांत पाणी. परत येणाऱ्या जस्ताला उतरायला एक जिना नव्हता, हजार दारं होती. काळं दिसत होतं ते इतकं बारीक असल्यामुळे; उजेड आत शिरायचा आणि बाहेर यायचा नाही. नॅनो हा शब्द तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत फिरकला नव्हता. सर फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "केटलुं झीणुं छे." किती बारीक आहे. आम्ही त्याला काळं म्हणायचो. काळं लावलं का, काळं कसं आहे आज.

या काळ्याच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची. नवा काळा पत्रा कुणीही करून दाखवेल. खरी किंमत त्याच्या वयाची. जो पत्रा महिनोन् महिने विरघळून परत येतो आणि तरी त्याला सुई फुटत नाही, तोच पुरावा. संक्रांतीनंतर बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक आमचं काम तपासायला येणार होते. ते आमचे जुने पत्रे कापून सूक्ष्मदर्शकाखाली घालणार, सुया आहेत की नाहीत ते बघणार, आणि ते हो म्हणाले तर विषय पुढे चालू. नाही म्हणाले तर विषय बंद, कारण सर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि प्रयोगशाळेवर दुसऱ्यांचा डोळा होता. विषय बंद म्हणजे मी घरी, आणि गावाकडचं स्थळ अजून थांबलेलं. पाहुणे येणार आणि विषय बंद होऊ शकतो, हे मी घरी सांगितलं होतं. पत्रे नीट राहिले पाहिजेत, सगळं त्या पत्र्यांवर आहे, असं मी आईला रोज ऐकवत होते. बापू ऐकत होते.

पाहुणे येणार म्हणून उत्तरायणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुट्टीत विभागाची रंगरंगोटी निघाली. खोल्यांना कुलपं, चुन्याच्या बादल्या, सगळीकडे धूळ. पत्रे तिथे ठेवायची मला धास्ती वाटली. ते उघडे पडले, वाळले, तर हवेने खराब होणार. मी ते पोटॅशच्या पाण्यासकट प्लास्टिकच्या बरणीत घालून घरी आणले, बरणी गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली आणि हवा-उजेड नको म्हणून वरून जुनी ओढणी गुंडाळली. आईला बजावलं की हात लावू नकोस, लोणचं नाही. बापूंनी विचारलं, बघू का. मी म्हटलं, नको, उघडायचं नाही.

मी एवढंच बोलले. ते काळं आहे आणि काळंच चांगलं आहे, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. घरात मी जस्त चढवते एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि जस्त चढवणं म्हणजे काय हे ज्या माणसाला अख्ख्या चाळीत कळत होतं तो माझा बाप होता.

उत्तरायणच्या दिवशी सुरत जमिनीवर नसते. सगळी गच्चीवर. मीही चाळीतल्या मुलींबरोबर वर होते. आभाळात पतंगांची नुसती गर्दी, खालून ऊंधियूचे, पोंकाचे वास, कुठल्यातरी गच्चीवरून कर्ण्याचे आवाज. त्या दिवशी मी सुखात होते, हे मला लख्ख आठवतं. मांज्याने बोट कापलं होतं आणि मी ते चोखत होते.

खाली बापूंनी ओढणी सोडली. नंतर आईने सांगितलं, ते बरणी उजेडात धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, म्हणून झाकून ठेवत होती पोरगी. त्यांना वाटलं, माझं काम जळालं आहे. मला लाज वाटते म्हणून मी कुणाला दाखवत नाही, आणि लाजेपायी बापालाही सांगत नाही. एवढे मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर आपली पोरगी काळे जळके पत्रे ठेवणार. कारखाना बंद होता, पण किल्ली बापूंकडे असायची. त्यांनी बरणी सायकलच्या पिशवीत घातली आणि सणाच्या दिवशी, पोंक तसाच ताटात टाकून, पांडेसऱ्याला गेले.

संध्याकाळी मी खाली आले तेव्हा ते गॅलरीत बसले होते. पुढ्यात स्वच्छ मलमलीचा तुकडा, त्यावर ओळीने माझे पत्रे. त्यांच्यात मावळतीचा उजेड पडला होता. माझं तोंड दिसत होतं. महिने न् महिने जगलेलं ते काळं, ॲसिडात फेस होऊन गेलं होतं, आणि त्याच्या जागी माझ्या बापाने आयुष्यभराचं कसब लावून आरशासारखं जस्त चढवलं होतं. काठ बघा, कोपरे बघा, कुठे ठिपका नाही. इतकं सुंदर काम मी त्यांच्या हातचंही पाहिलं नव्हतं.

"जळी गयथं सगळं," ते म्हणाले. "धुईसन नवं चढाई दिनं. आते दखाड तुना साहेबले."

त्यांनी एक पत्रा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. उन्हाने कोमट झाला होता.

"काढ खोट."

मी तो उजेडाला धरला. फिरवला. त्यांच्या हाताला ॲसिडाचा वास येत होता आणि तो त्यांना येत नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.  मी म्हटलं, "खोट नही, बापू. कोठेच नही."

ते हसले. आईने पोंकाचं ताट पुढे केलं. मीही चार दाणे तोंडात टाकले. 

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं आणि त्यांच्या ओट्यावर बसून रडले. सरांनी एक पत्रा हातात घेतला, चष्मा वर करून बघितला. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "आ वात पप्पाने ना कहेता, बेन." ही गोष्ट वडिलांना सांगू नकोस. मग म्हणाले, किती मेहनत केली आहे त्यांनी. सरांचंही सगळं त्या पत्र्यांवर होतं. माझ्यापेक्षा जास्त होतं. नवे काळे पत्रे तेवढे जुने करायला त्यांना पुन्हा पावसाळा मिळणार नव्हता.

पाहुणे आले. चांगला माणूस होता, उगाच उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हता. सरांनी कागद दाखवले, मुंबईचा फोटो दाखवला, काय घडलं ते जवळजवळ सगळं सांगितलं. फक्त 'घरी' न म्हणता 'अपघाताने' म्हणाले. पाहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर इतकंच म्हणाले, की जे कापून बघता येत नाही त्यावर मी काय लिहू? जस्ताची कथा जुनी आहे, पुष्कळांना असं वाटून गेलं आहे. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. विषय बंद झाला.

स्थळ मात्र मी परतवून लावलं. बापूंनीही त्याबाबत एक शब्द काढला नाही. सर निवृत्त झाल्यावर नव्या मार्गदर्शकांनी मला रंगाईच्या सांडपाण्यातला रंग काढण्याचा विषय दिला, आणि खाडीच्या जांभळ्या पाण्यावर मी डॉक्टर झाले. चाळीत पेढे वाटले गेले. पुढे कॉलेजात शिकवायला लागले, अजून शिकवते. वाईट काही झालं नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणते.

पण मन म्हणत नाही. ते काळं खरंच टिकलं असतं का? कदाचित पुढच्याच महिन्यात त्याला सुई फुटली असती. कदाचित पाहुण्यांनी कापून बघितलं असतं तर आत सुई फुटलेलीच निघाली असती. या 'कदाचित'ने मला जेवढं कुरतडलं तेवढं हरण्याने नाही. अलीकडे एका मासिकात परदेशातल्या कुणाचंतरी काम वाचलं. पाण्यावर चालणारी, जस्ताची, पुन्हा भरता येणारी बॅटरी, आणि आत जस्ताचा स्पंज. नॅनो शब्द पानापानावर. माझे विद्यार्थी तो शब्द चहा-बिस्किटासारखा वापरतात. शेजारी फोटो होता. मी तो ओळखला, जसा आपण गर्दीत आपल्या माणसाची चालण्याची ढब ओळखतो. तारा, पोकळ्या, पोकळ्यांत पाणी. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं नाही, मी त्यांना दिलं नाही. ते कुणाचंही होऊ शकत होतं. तरी दोन दिवस मला वर्गात नीट शिकवता आलं नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. साहेब काय म्हणाले, हे बापूंनी मला कधीच विचारलं नाही. साहेब आले त्या संध्याकाळीही नाही, नंतरही नाही. दुसरं म्हणजे, त्या उत्तरायणनंतर ते खिशातून तुकडे आणेनासे झाले. मला वाटलं, मी मोठी झाले, खेळ संपला. लग्नांतून ते भांड्यांना नख मारेनासे झाले. आई म्हणायची, वय झालं. मी माझ्या परीने ते गुपित जपत बसले होते. तेरीभी चूप, मेरीभी चूप, असं वर्षानुवर्षं चाललं.

या वर्षी ठरवलं की सांगायचं. आई गेली, सर गेले, बापूंचंही आता पिकलं पान. पोंक घेऊन घरी आले, पिशवीतून ताटात काढला, शेव घातली, आणि बापूंच्या शेजारी बसले. ते गॅलरीत उन्हाला बसलेले. आता घर वेगळं आहे, गॅलरीही छोटी. श्वासाबरोबर ती शीळ वाजत होती. मासिकातलं ते पान मी बरोबर आणलं होतं, पण काढलं नाही. म्हटलं, बापू, त्या उत्तरायणला तुम्ही माझे पत्रे...

त्यांनी हात वर केला.

"माले ठाऊक शे," ते म्हणाले.

मी विचारलं, कुणी सांगितलं? आईने? त्यांनी मान हलवली. मग ताटातले दाणे बोटाने एकीकडे सारत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तवय खोट काढी नही. जिंदगीमा पहिल्यांदा. तवयच समजनं माले." पुढे म्हणाले, "काय बिघडनं ते नही समजनं. पन मनाघाई बिघडनं, इतलं समजनं."

माझ्यामुळे बिघडलं, एवढं समजलं. इतकी वर्षं. मी त्यांना वाचवते आहे असं मला वाटत होतं आणि ते एकटे ते घेऊन बसले होते, काय होतं ते नेमकं न कळता.  रडू आलं ते मी लपवलं नाही. काळं म्हणजे काय ते मी त्यांना त्या दुपारी समजावून सांगितलं, स्पंज, तारा, पाणी, सगळं, पान काढून फोटोही दाखवला. ते फोटो उजेडाला धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. नखाने त्यावर एकदा टकटक केलं. काही निकाल दिला नाही.

पान परत देऊन त्यांनी पोंकाची मूठ भरली, तोंडात टाकली, चावत राहिले. वास नाही, चवही आता नावालाच. दाणा मऊ आहे की कडक एवढंच त्यांना कळतं.

"कसा शे औंदा?" त्यांनी विचारलं.

छान आहे, असं मी म्हणणार होते. तोंडावर आलंच होतं. मग मी चार दाणे तळहातावर घेतले, उजेडाला धरले, बोटाने फिरवून बघितले.

"जरासा जळेल शे, बापू," मी म्हटलं. "हाई दखा, कडाले."

त्यांनी माझा हात धरून आपल्याकडे ओढला. वाकून दाणे बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चाळीतल्या गॅलरीनंतर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मान डोलावली आणि पोंकवालीला नावं ठेवायला सुरुवात केली.